लॉगची एक ओळ लिहिली आणि क्रॅश गायब

बगची नोंद दोनच वाक्यांची होती. ‘विंडोजवरचा सेव्ह आयपॅडवर उघडत नाही, लोडिंगच्या स्क्रीनवरच गेम बंद पडतो. नव्या खेळाडूचा सेव्ह मात्र नीट उघडतो.’ आमची टेस्टर शब्द वाया घालवत नाही, त्यामुळे ते दुसरं वाक्य उगीच आलेलं नसणार हे माहीत होतं.

क्रॉस-सेव्हचं काम शेवटच्या टप्प्यात होतं. संगणकावर खेळायचं, अर्धवट सोडायचं आणि फोनवर तिथूनच पुढे सुरू करायचं. दोन उपकरणांवर वेगवेगळे बदल झाले तर कुठला धरायचा हे ठरवण्यासाठी प्रत्येक मूल्यासोबत ते कधी बदललं आणि कुठल्या उपकरणावर बदललं, हेही साठवावं लागतं. त्यासाठी कोडमध्ये एक लहानसा जनरिक स्ट्रक्ट (काही मूल्यं एकत्र ठेवणारा टाइप; जनरिक म्हणजे आतल्या मूल्याचा टाइप, टी, वापरताना भरायचा) होता, ट्रॅक्ड<टी>. टीच्या जागी नाण्यांसाठी इंट, आवाजाच्या पातळीसाठी फ्लोट, टोपणनावासाठी स्ट्रिंग. आणि एखादी विशेष शक्ती वापरल्यावर ती पुन्हा कधी मिळणार, यासाठी आमचाच एक स्ट्रक्ट, कूलडाउन. आमचा गेम ज्यात बनतो त्या युनिटी या गेम इंजिनचं स्वतःचं जेसन-युटिलिटी (जेसन म्हणजे माहिती मजकुराच्या रूपात साठवायची पद्धत) डिक्शनरी साठवत नाही आणि बेस क्लासच्या यादीत वेगवेगळे सबक्लास असतील तर ते ओळखत नाही, म्हणून सेव्हसाठी न्यूटनसॉफ्टची जेसन लायब्ररी वापरलेली होती. ट्रॅक्ड<टी> वाचायला-लिहायला तिला एक कन्व्हर्टर दिलेला होता. तोही जनरिकच.

आयपॅडच्या लॉगमध्ये एक्झिक्युशन-इंजिन-एक्सेप्शन होतं. मजकुराचा अर्थ असा, की ज्या मेथडसाठी आगाऊ, म्हणजे एओटी, कोड तयारच झालेला नाही ती बोलावण्याचा प्रयत्न झाला. मेथड कुठली? ट्रॅक्ड-कन्व्हर्टरचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे त्याचा ऑब्जेक्ट बनवणारी मेथड; टीच्या जागी कूलडाउन.

नव्या खेळाडूचा सेव्ह का उघडतो ते लगेच कळलं. नव्या खेळाडूकडे विशेष शक्ती नसतात, कूलडाउनची यादी रिकामी, त्या कन्व्हर्टरची गरजच पडत नाही. बाकीचं कळायला संध्याकाळ झाली.

ज्यांनी युनिटीची भाषा सी-शार्प फक्त संगणकासाठी लिहिली आहे त्यांच्यासाठी थोडं थांबतो. संगणकावर जेआयटी कंपायलर असतो. प्रोग्रॅम चालू असताना कूलडाउनसाठीचा कन्व्हर्टर हवा झाला, की तो त्या क्षणी त्याचा मशीन कोड बनवतो. आयओएसवर साध्या ॲपला चालू असताना नवा मशीन कोड बनवून चालवायची परवानगी नाही. म्हणून युनिटीमध्ये आयएल-टू-सीपीपी ही व्यवस्था आहे: बिल्ड करतानाच सगळ्या सी-शार्पचं सी-प्लस-प्लस होतं आणि ते मग कंपाइल होतं. जेआयटी म्हणजे मागेल तसं गरम वाढणं, एओटी म्हणजे डबा बांधून निघणं. डब्यात जे नाही ते वाटेत मिळत नाही.

आता जनरिक क्लासचा डबा कसा भरायचा? टीच्या जागी क्लास असेल, म्हणजे रेफरन्स टाइप, तर सोपं आहे. सगळे रेफरन्स एकाच आकाराचे पॉइंटर असल्यामुळे स्ट्रिंगसाठीचा आणि इतर कुठल्याही क्लाससाठीचा कोड एकच ठेवून भागतं. स्ट्रक्टचं तसं नाही. प्रत्येकाचा आकार वेगळा, मेमरीतली मांडणी वेगळी, म्हणून प्रत्येकासाठी वेगळा कोड लागतो. आणि तो कुणासाठी बनवायचा हे कंपायलर फक्त एकाच गोष्टीवरून ठरवू शकतो: कोडमध्ये ते नाव कुठेतरी स्पष्ट लिहिलेलं आहे का?

आमच्याकडे नव्हतं. कन्व्हर्टर रिफ्लेक्शनने, म्हणजे चालू प्रोग्रॅमने स्वतःच्याच टाइपची माहिती वाचून, बनायचा. चालू गेममध्ये टाइप बघायचा, मेक-जनरिक-टाइपने त्याच्यासाठीचा कन्व्हर्टर क्लास जुळवायचा आणि ॲक्टिव्हेटरकडून त्याचा ऑब्जेक्ट घ्यायचा. कोड दिसायला देखणा. नवा टाइप आला तरी काही लिहावं लागत नाही, याचं टीममध्ये कौतुकही व्हायचं. इंट आणि फ्लोट यांचे कन्व्हर्टर आयपॅडवर चालत होते ते निव्वळ योगायोगाने, कारण सेटिंग्जच्या स्क्रीनच्या कोडमध्ये कुणीतरी ते थेट नाव घेऊन वापरले होते. स्ट्रिंग सामायिक कोडवर तरली. कूलडाउनचा वाली कुणी नव्हता.

इतकं सरळ मी आत्ता सांगतोय. त्या दिवशी ते या क्रमाने उलगडलं नाही.

आमच्या लीडचं पहिलं मत होतं, की हे स्ट्रिपिंगचं काम आहे. शंका रास्त होती. बिल्ड लहान राहावं म्हणून युनिटी न वापरलेला कोड काढून टाकतं, आणि जे फक्त रिफ्लेक्शनमधून वापरलं जातं ते त्याला न वापरलेलं वाटतं. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे लिंक-डॉट-एक्सएमएल नावाच्या फाइलमध्ये ‘हे काढू नकोस’ म्हणून लिहून ठेवणं. लिहिलं, बिल्डला लावलं. आयएल-टू-सीपीपीचं बिल्ड लावलं की माणसाला हात बांधून बसावं लागतं, कारण सी-प्लस-प्लसच्या फाइलींचा डोंगर कंपाइल होत असतो. बिल्ड आलं, आयपॅडवर टाकलं, तिथेच क्रॅश.

लिंक-डॉट-एक्सएमएल जे आहे ते राखतं. जे कधी निर्माणच झालं नाही ते त्याने कुठून आणावं? या दोन चुकांचे संदेशही निराळे असतात. स्ट्रिपिंगने कन्स्ट्रक्टर गेला असेल तर बहुधा ‘कन्स्ट्रक्टर सापडत नाही’ अशा धर्तीची तक्रार येते. आमच्या लॉगमध्ये ‘एओटी कोड तयार झालेला नाही’ असं स्वच्छ लिहिलं होतं. पण घाईत माणूस संदेश वाचत नाही, ओळखीचा चेहरा शोधतो.

मग शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने ती ओळ लिहिली. त्याचं म्हणणं होतं, की कूलडाउनचा कन्व्हर्टरच बिघडलेला असेल, तो एकटा चालवून बघू. लोडिंगच्या सुरुवातीला त्याने कूलडाउनसाठीचा ट्रॅक्ड-कन्व्हर्टर थेट ‘न्यू’ करून बनवला, त्याच्याकडून एक मूल्य वाचून घेतलं आणि ते लॉगमध्ये छापलं. बिल्ड. आयपॅड. लॉगमध्ये मूल्य बरोबर छापलं गेलं, आणि त्यामागोमाग सगळा सेव्हही उघडला! टेस्टरने सगळ्या विशेष शक्ती वापरून पाहिल्या. काहीच बिघडलेलं नव्हतं.

“झालं की मग,” तो म्हणाला.

“काय झालं? आपण काहीच दुरुस्त केलेलं नाही,” मी म्हटलं.

ओळ काढली, बिल्ड केलं, क्रॅश परत. ओळ घातली, क्रॅश गेला. लॉग छापल्याने बग पळतो हे मी याआधीही पाहिलं होतं, पण ती थ्रेडच्या शर्यतींची, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांत आधी कोण पोहोचतं याची, प्रकरणं होती, जिथे छापायला लागणारा वेळच सगळं गणित बदलतो. इथे शर्यत नव्हतीच. खात्री करायला मी ती ओळ कधीही न बोलावल्या जाणाऱ्या एका मेथडमध्ये हलवली आणि ती मेथड काढली जाऊ नये म्हणून तिला युनिटीचं प्रिझर्व्ह ॲट्रिब्यूट लावलं. तरीही सेव्ह उघडला. म्हणजे ओळ चालण्याची गरजच नव्हती, ती नुसती असण्याची गरज होती. कंपायलरला कूलडाउनचं नाव दिसलं, त्याने कोड बनवून डब्यात ठेवला, आणि रिफ्लेक्शनला तो सापडला. त्या क्षणी लीड खुर्चीतून उठून फळ्याकडे गेले आणि लिंक-डॉट-एक्सएमएलचा विषय मिटला.

मग हे इतके दिवस दिसलं कसं नाही? अँड्रॉइडवर आम्ही रोज गेम चालवत होतो. पण रोजची बिल्ड मोनोवर, म्हणजे आयएल-टू-सीपीपीऐवजी वापरता येणाऱ्या युनिटीच्या दुसऱ्या व्यवस्थेवर, होती, कारण ती पटकन तयार होते, आणि अँड्रॉइडवर मोनोला जेआयटी मिळतो. दुकानात जाणारी बिल्ड वेगळी असते. १ ऑगस्ट २०१९ पासून गूगल प्लेवर ६४-बिट आवृत्ती सक्तीची झाली आणि अँड्रॉइडवर ६४-बिट एआरएम या फोनमधल्या प्रोसेसरसाठी युनिटी मोनो देत नाही, तिथे आयएल-टू-सीपीपीच लागतं. म्हणजे आम्ही रोज तपासत होतो एक आणि विकणार होतो दुसरंच. त्या आठवड्यापासून रात्रीची स्वयंचलित बिल्ड आयएल-टू-सीपीपीवर गेली. सकाळी उशिरा यायची म्हणून कुरकुर झाली, पण ती तशीच राहिली.

कधीही न चालणारी ती मेथड ठेवून घरी जाता आलं असतं. बरेच प्रकल्प तसंच करतात आणि त्यात वावगं काही नाही. आम्हीही केलं असतं, पण दुपारच्या चाचणीत दुसरा क्रॅश आला, आणि हा विंडोजवरही येत होता.

दोन उपकरणांचे सेव्ह एकत्र करायचं काम सर्व्हरवर होतं, आणि सर्व्हर नव्या डॉटनेटवर, म्हणजे सी-शार्प चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेच्या नव्या आवृत्तीवर, चालतो. तिथून एकत्र होऊन आलेली फाइल एकही क्लायंट उघडेना. फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली आणि मी काही वेळ नुसता बघत राहिलो. लायब्ररीचं टाइपनेम-हँडलिंग चालू होतं. त्यामुळे प्रत्येक ऑब्जेक्टसोबत डॉलर-टाइप नावाच्या खान्यात त्याच्या टाइपचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं, आणि जनरिक टाइपचं पूर्ण नाव म्हणजे नावात नाव. बाहेर लिस्ट, मग एक बॅकटिक आणि टाइप पॅरामीटरचा आकडा, मग चौकटी कंसात ट्रॅक्ड, पुन्हा बॅकटिक, पुन्हा कंस, आत इंट-३२. शिवाय प्रत्येक पातळीवर असेंब्लीचं, म्हणजे कंपाइल झालेला कोड ज्या फाइलीत असतो तिचं, नाव. नाण्यांचा एक आकडा साठवायला त्याच्या कितीतरी पट लांब पत्ता.

नेमका त्या पत्त्यातच घोळ होता. लिस्ट आणि इंट हे मूळ टाइप युनिटीत एमएस-कोअर-लिब या असेंब्लीत राहतात. नव्या डॉटनेटवर त्यांचं घर सिस्टिम-प्रायव्हेट-कोअर-लिब. सर्व्हरने फाइल लिहिताना आपल्या घरचा पत्ता लिहिला आणि क्लायंटला तो सापडेना. साधे, जनरिक नसलेले आमचे क्लास सुखरूप होते, कारण त्यांच्या नावात फक्त आमची असेंब्ली होती आणि ती दोन्हीकडे सारखी ठेवलेली होती. जनरिक मात्र आपल्या पोटातल्या प्रत्येक टाइपचा पत्ता सोबत घेऊन फिरतात.

हे टाइपनेम-हँडलिंग मला आधीपासूनच डाचत होतं, वेगळ्या कारणासाठी. फाइलमध्ये जो टाइप लिहिला असेल तो बनवायचा, याचा अर्थ ऑब्जेक्ट कुठला बनणार हे फाइल ठरवते. खेळाडूची सेव्ह फाइल खेळाडूच्याच हातात असते आणि आमच्याकडे ती सर्व्हरवर येत होती. २०१७ च्या ब्लॅक हॅट परिषदेत अल्व्हारो मुन्योस आणि ओलेक्सांद्र मिरोश यांनी अशा जेसनमधून समोरच्या यंत्रावर हवा तो कोड कसा चालवता येतो ते दाखवलं होतं. मी तो मुद्दा बैठकीत मांडला होता, पण गेमच्या सेव्हवर कोण कशाला हल्ला करेल, यावर तो विरला. आता मात्र क्रॅश हाताशी होता, आणि क्रॅशपुढे कुणी वाद घालत नाही.

संध्याकाळी आम्ही रिफ्लेक्शनचा तो देखणा कोड काढून टाकला आणि त्या जागी एक साधी नोंदवही लिहिली. रजिस्टर नावाची एक जनरिक मेथड, आणि तिला एकेका ओळीत बोलावणं: इंटसाठी एक लहान खूणनाव, फ्लोटसाठी दुसरं, कूलडाउनसाठी तिसरं. मेथड त्या टाइपसाठीचा कन्व्हर्टर तिथेच ‘न्यू’ करून तक्त्यात ठेवते. फाइलमध्ये जातं ते फक्त खूणनाव. तक्त्यात नसलेलं खूणनाव आलं तर फाइल नाकारायची.

या एका तक्त्याने तिन्ही प्रश्न सुटले, याची मला अजून गंमत वाटते. रजिस्टर करताना टाइपचं नाव कोडमध्ये स्पष्ट लिहिलं जातं, म्हणून एओटी कंपायलरला ते दिसतं. फाइलमध्ये असेंब्लीचा पत्ता नाही, म्हणून सर्व्हर कुठल्याही डॉटनेटवर असो. आणि कुणी फाइलमध्ये भलताच टाइप घुसवला तर तो बनतच नाही. नवा टाइप आला की एक ओळ हाताने लिहावी लागते, एवढीच किंमत. ती विसरली जाऊ नये म्हणून सेव्हच्या क्लासमधले सगळे ट्रॅक्ड धुंडाळून तक्त्याशी ताडणारी एक टेस्ट लिहिली. ती संगणकावर युनिटीच्या एडिटरमध्ये चालते, तिथे रिफ्लेक्शन हवं तेवढं करा.

लीडनी एक प्रश्न विचारला तो योग्य होता. युनिटी २०२२ पासून आयएल-टू-सीपीपीमध्ये पूर्ण जनरिक शेअरिंग आलं आहे. स्ट्रक्टसाठी खास कोड नसेल तर कुठल्याही आकाराला चालणारा, थोडा संथ असा सामायिक कोड वापरला जातो. मग जुन्या आवृत्तीवरून तिकडे गेलो तर ही नोंदवही कशाला हवी? माझं उत्तर होतं, की त्याने सकाळचा क्रॅश जाईल, दुपारचा जाणार नाही. शिवाय त्या संध्याकाळपर्यंत आणखी एक प्रश्न उभा होता: बीटा खेळाडूंकडे लांबलचक नावांचे सेव्ह आधीच होते. ते टाकून द्या म्हणणं शक्य नव्हतं.

त्यासाठी लायब्ररीत बाइंडर नावाची सोय आहे. फाइलमधलं टाइपचं नाव आणि असेंब्लीचं नाव आधी त्याच्याकडे येतं आणि कुठला टाइप द्यायचा ते तो सांगतो. आम्ही दोन्ही घरांचे पत्ते ओळखणारा आणि आमच्या यादीपलीकडे काहीही न देणारा बाइंडर लिहिला. जुना सेव्ह त्यातून वाचायचा, लगेच खूणनावांच्या नव्या रूपात लिहायचा आणि फाइलच्या माथ्यावर आवृत्तीचा आकडा वाढवायचा. टेस्टरने सकाळचाच सेव्ह आयपॅडवर उघडला, मग सर्व्हरकडून आलेला विंडोजवर उघडला, आणि नोंद बंद केली. बाइंडर अजून कोडमध्ये आहे. बीटाचा सेव्ह घेऊन कोण केव्हा परत येईल याचा भरवसा नसल्यामुळे तो काढायचं कुणी सुचवलेलं नाही.