लाल फ्लॅटवर्म आणि माझा ४० गॅलनचा टँक: नऊ आठवड्यांची नोंद

आठवडा १. माझा खाऱ्या पाण्याचा, प्रवाळांचा टँक तळघरात आहे. बायको तिथे कपडे वाळवायला आली आणि म्हणाली, "अरे, तुझ्या टँकला गंज लागलाय का?" गंज नव्हता. मागच्या दगडावर, जिथे दिव्याचा झोत पडतो तिथे, विटकरी रंगाचे तीनचार मिलिमीटरचे ठिपके चिकटले होते आणि ते सरकत होते. भिंगातून पाहिलं तर शेपटीला तीन टोकं. म्हणजे रेड प्लॅनेरिया, कॉन्व्होल्युट्रिलोबा. डिसेंबरात न्यू जर्सीतल्याच एका रीफवाल्या (प्रवाळ पाळणाऱ्या) मित्राकडून झोआ या मऊ प्रवाळाचा फ्रॅग, म्हणजे छोटा तुकडा, आणला आणि डिप न करता, म्हणजे कीडनाशक द्रावणात न बुडवता, थेट टँकमध्ये ठेवला होता. डिपची बाटली समोरच्या कपाटात होती. आळस, दुसरं काय.

प्राणी मात्र भन्नाट आहे. अंगात एकपेशीय शैवाल पाळतो, म्हणून उजेडात पसरून बसतो. पिल्लू मागच्या बाजूने कोंबासारखं फुटतं, आणि १९८८ मध्ये वर्णन झालेल्या रेट्रोजेम्मा या जातीत त्या कोंबाचं डोकं आईच्या उलट दिशेला असतं. जोडीदाराची गरजच नाही, त्यामुळे एक उरला तरी पुन्हा सुरुवात. आपण फ्लॅटवर्म म्हणतो खरं, पण प्राणिशास्त्रज्ञांनी अलीकडे याच्या गटाला खऱ्या चपटकृमींपासून वेगळं काढलंय.

आठवडा २ आणि ३. सिक्स-लाइन रॅस या माशावर माझी भिस्त होती. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. काहींचा रॅस खातो म्हणे. माझा मायसिसवर (कोळंबीसारख्या बारीक खाद्यावर) पोसलेला नवाब आहे. झोआ मिटलेले, मश्रूम प्रवाळावर लाल थर.

आठवडा ४. औषध हातात होतं, सॅलिफर्टचं फ्लॅटवर्म एक्झिट. ओतायचा मोह झाला, पण थांबलो, कारण हे किडे मरताना अंगातलं विष पाण्यात सोडतात. पन्नास मेले तर टँकला कळतही नाही, पाच हजार एकदम मेले तर मासे जातात. म्हणून आधी नळी. एअर पंपाची साधी नळी, टोकाला काडी बांधलेली, आणि दुसरं टोक सम्पमधल्या (टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतल्या) फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे गाळणीच्या पिशवीत. पाणी वाया जात नाही. वेळ दुपारची, कारण तेव्हा सगळे उजेडाला आलेले असतात. पहिल्या दिवशी सॉक उलटा केला तर कुंकवाचा करंडा सांडल्यासारखा दिसत होता. सॉक लगेच धुवायचा, नाहीतर विष पुन्हा पाण्यातच. एक दिवसाआड हे पंधरा दिवस केलं. पाठ धरली, पण दगडाचा मूळ रंग दिसू लागला.

आठवडा ६, शनिवार. पंधरा गॅलन खारं पाणी आदल्या रात्री कालवून ठेवलं, घनता १.०२५, तापमान टँकइतकंच. विष शोषायला नवा कार्बन तयार, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद. आधी कपात टँकचं पाणी घेऊन दहाबारा किडे सोडले आणि त्यात औषध टाकलं. दोनेक मिनिटांत कडा आत वळल्या, पकड सुटली, गोळी होऊन तळाला गेले. मगच टँकमध्ये. दगड-वाळू वजा करून पाणी किती ते मोजलं आणि बाटलीवरच्या प्रमाणाने टाकलं. पॉवरहेड पंपासमोर लाल चुरा उडायला लागला, तो मी नळीने ओढत राहिलो.

आणि इथे माती खाल्ली. सम्पमधल्या रेफ्युजियमकडे, म्हणजे शैवाल वाढवायच्या कप्प्याकडे, मी इतक्या आठवड्यांत कधी भिंग घेऊन पाहिलंच नव्हतं. केटोमॉर्फा शैवालाच्या गुंत्यात शेकडो लपलेले होते, ते सगळे एकदम मेले. क्लाऊनफिश पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन भराभरा कल्ले हलवायला लागला. घाईघाईने कार्बन लावला, बारा गॅलन पाणी बदललं, तासाभराने तो सावरला. फायरफिश मात्र रात्री गेला. दिवे लागायच्या आधी मुलगी त्याला 'झेंडा' म्हणून हाक मारायची. सकाळी तिला सांगावं लागलं.

आठवडा ७. दुसरी फेरी. यावेळी आधी रेफ्युजियम रिकामं केलं, केटो टाकून दिला. मेलेले किडे मोजून आठ.

ज्यांच्याकडे अ‍ॅक्रोपोरा प्रवाळ आहे त्यांनी माझ्या पद्धतीवर विसंबू नये. त्याला खाणारा फ्लॅटवर्म वेगळा, प्रोस्थिओस्टोमम अ‍ॅक्रोपोरी. कोरलवरच इतका बेमालूम बसतो की दिसतात फक्त गोल फिकट चावे. त्याची अंडी फांदीच्या बुडाशी उघड्या सांगाड्यावर असतात आणि डिपने मरत नाहीत. खरवडून काढावी लागतात आणि डिप पुन्हापुन्हा करावा लागतो.

पुण्याच्या मित्राने विचारलं, तिकडे असा टँक करता येईल का? त्याला सांगितलं, खडक बांधणारी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, तू आपला गोड्या पाण्यातच राहा.

आठवडा ९. पंधरा दिवसांत एकही दिसला नाही. झोआ पूर्ण उघडले आहेत. काल एक नवा फ्रॅग आला. तो सध्या बादलीत आहे, वेगळ्या हीटरसह, आणि मुलगी रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन बसते. आज एक ठिपका सापडला म्हणून ओरडली. भिंग लावलं, तर कोपेपॉड होता, निरुपद्रवी बारीक जीव.