तुम्ही विचारलंत म्हणून: पागेकडून मला नक्की हवंय तरी काय?

सात वर्षांत चार पागा. हा आकडा मी आपणहून कुणाला सांगत नाही, पण घोडेवाल्यांत असल्या बातम्या घोड्यांपेक्षा जोरात पळतात. मग कुणी ना कुणी विचारतंच. काहींना खरंच आपल्या घोड्यासाठी जागा हवी असते, बाकीचे नुसते डिवचायला विचारतात: "तुम्हाला पागेकडून नक्की हवंय तरी काय? आणि ती तिसरी तर इतकी चांगली होती, ती का सोडलीत?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला तोंडपाठ आहे. दुसऱ्याचं मी आजवर अर्धंच सांगत आले.

("मग स्वतःच्या दारातच का नाही बांधत?" असं विचारणाऱ्यांनी साडेचारशे किलोंच्या जनावराची लीद आठवडाभर उचलून बघावी. रोजची वीसेक किलो भरते. आणि कळपात राहणाऱ्या जनावराला एकटं बांधून ठेवणं म्हणजे काय, याचा विचार लीद उचलता उचलता करावा.)

माझ्या घोडीला, चांदणीला, पहिल्यांदा पागेत ठेवायचं ठरलं तेव्हा मी यादी केली होती. 27 मुद्दे. 12 फूट बाय 12 फुटांचं ठाण (म्हणजे घोडा बांधायची जागा), स्वयंचलित पाणपात्र, दिव्यांचं रिंगण, खोगिरांच्या खोलीला कुलूप, गाडी लावायला जागा, चहा पिता येईल असा ओटा. परवा ती यादी सापडली. माझ्या हिशेबानं 27 पैकी 19 मुद्दे माझ्या सोयीचे होते. ते नसते तर चांदणीला पत्ताही लागला नसता. पण तेव्हाच्या मला हे सांगायला गेलं तर ती भांडेल. म्हणेल, मालकाची सोय नसेल तर मालक येणार नाही, आणि मालक आला नाही तर घोड्याकडे बघणार कोण? तिचं म्हणणं अगदीच चूक नाही.

घोड्याचं म्हणाल तर त्याच्या मागण्या मोजक्या आहेत आणि त्याच बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर लहान असतं, 8 ते 15 लिटरचं. त्यात आम्ल चोवीस तास पाझरतं, खाल्लेलं असो वा नसो. मोकळं सोडलं तर घोडा दिवसाचे सोळा सोळा तास चरतो. सकाळ-संध्याकाळ गवताची एकेक पेंढी टाकायची आणि मधले तास त्याला भिंतीकडे बघत उभं करायचं, ही पद्धत माणसाच्या कामाच्या वेळांवर बेतलेली आहे. वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा दिवसभर थोडा थोडा, रोज काही तास मोकळं रान, आणि नाकाला नाक लावायला दुसरा घोडा. एवढं ज्या पागेत आहे तिथे भिंतींचे पोपडे निघालेले असले तरी मी ठाण घेईन.

पागा बघायला जाताना मी आता न सांगता जाते, शक्यतो चंदीच्या, म्हणजे दाण्याच्या खुराकाच्या, वेळेला. पुढच्या रांगेतले घोडे बघत नाही, ते दाखवायचे असतात. मागच्या रांगेत जाते. ठाणात गुडघ्यावर बसून नाक खाली नेते, कारण मुताचा झोंबरा वास माणसाच्या उंचीवर कमी आणि झोपलेल्या घोड्याच्या नाकाशी जास्त लागतो. गवताच्या गठ्ठ्यात हात खुपसून धूळ उडते का बघते. नवीन आलेला घोडा कुठे ठेवता, असं विचारते. "आहे ना जागा, त्या शेवटच्या ठाणात," असं उत्तर आलं की नमस्कार करून निघते. आमची दुसरी पागा मी याच कारणानं सोडली. आलेला घोडा त्याच दिवशी रांगेत बांधला, आठवड्याभरात त्याच्या जबड्याखाली गाठी आल्या, आणि मग स्ट्रँगल्समुळे (घोड्यांचा घशाचा संसर्गजन्य रोग) सगळ्यांचेच घोडे कितीतरी आठवडे अडकून पडले. दोन-तीन आठवडे वेगळा ठेवला असता तर टळलं असतं. त्याबद्दल मला कुणाला स्पष्टीकरण द्यायचं नाही.

स्पष्टीकरण तिसरीबद्दल द्यायचंय.

तिसरी पागा दिसायला साधी होती. ती चालायची एका माणसावर, घोड्यांची देखभाल करणारे म्हातारे मोतद्दार होते त्यांच्यावर. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मामांना प्रत्येक घोडा कुठल्या कुशीवर लोळतो, खरारा करताना कुठे हात लावला की कान मागे टाकतो, सगळं ठाऊक. चांदणीच्या ठाणात मी माझ्या खर्चानं स्वयंचलित पाणपात्र बसवून घेतलं (यादीतला चौथा मुद्दा), तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बादलीत कळतं ताई, किती प्यायली ते." मी हसले होते.

त्या दिवशी संध्याकाळी सातला मामांनी चंदी घातली. चांदणीनं दोन घास घेतले आणि तोंड फिरवलं. चंदीची बादली वाजली तरी खिंकाळणारी ही घोडी. मामांनी ठाणात बघितलं. दुपारपासून लिदीचे फक्त दोन-तीन गोळे, लहान, कोरडे, वरून बुळबुळीत. एरवी दिवसातून आठ-दहा वेळा टाकते. मामांना तेव्हाच शंका आली होती, हे त्यांनी मला नंतर स्वतःच सांगितलं. शंका सातला आली आणि मला फोन आला दहा चाळीसला.

फोनवर पहिलं वाक्य होतं, "ताई, रागावू नका."

पोटशूळ उठलेल्या घोडीबद्दल साडेतीन तास फोन नाही. लोकांना मी इथपर्यंत सांगते आणि थांबते. ऐकणारा मान हलवतो, "बरोबर केलंत, सोडायलाच हवी होती," म्हणतो, आणि मी ते ऐकून घेते. इतकी वर्षं ऐकून घेतलं.

त्याआधी तीन आठवड्यांची गोष्ट. मामांनी एका आठवड्यात मला तीन फोन केले. एक, डोळ्यातून पाणी येतंय. दोन, पुढच्या डाव्या पायाची नाल ढिली झालीय. तीन, रात्रीचं गवत थोडं उरलंय. तिसरा फोन आला तेव्हा मी कामात होते, चार माणसांसमोर होते. मी म्हणाले, "मामा, तिला शिंक आली तरी मला फोन करायचा का? इतकी वर्षं घोडे सांभाळताय, थोडं स्वतः ठरवा की!" नंतर मी स्वतःला समजावलं, की मी त्यांच्यावर विश्वास टाकला. शब्द खरंच तसे काढता येतात. आवाज काढता येत नाही. तो कसा होता ते मला आठवतंय.

तर मामांनी स्वतः ठरवलं. चंदी काढून घेतली, बरोबरच केलं. बादलीनं पाणी पुढे धरलं. दहा दहा मिनिटं हळू चालवून आणलं. दर अर्ध्या तासानं येऊन बघितलं. दहाच्या सुमाराला चांदणी पुढचा पाय जमिनीवर खरडायला लागली, वळून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागली, आणि खाली बसून लोळायला गेली, तेव्हा त्यांनी फोन उचलला.

मी सव्वाअकराला पोचले. ती घामानं भिजलेली होती, नाकपुड्या फुगलेल्या. मामा जबड्याखाली बोट ठेवून घड्याळाकडे बघत होते. "चौसष्ट," म्हणाले. उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. मी तोवर घोड्यांविषयी पुष्कळ वाचलं होतं. त्या क्षणी मला आठवलं ते एवढंच, की घोड्याला ओकता येत नाही. पोटात गेलेलं पुढेच जायला हवं. आत काही अडलं तर मागे यायला वाट नाही.

डॉक्टर बारा वाजता आल्या. नाकातून नळी घालून आधी जठरात काही साचलंय का ते बघितलं, मग कोपरापर्यंतचा हातमोजा घालून आतून तपासलं. मोठं आतडं एका ठिकाणी वळतं आणि वळताना अरुंद होतं, तिथे चारा घट्ट बसला होता. "अडकलंय. आतड्याला पीळ नसावा," त्या म्हणाल्या. मी "नसावा?" असं विचारल्यावर म्हणाल्या, "आत्ता एवढंच सांगता येईल." वेदना कमी करायचं इंजेक्शन दिलं, नळीनं क्षार घातलेलं पाणी आणि तेल सोडलं. आणि हात धुता धुता, कुणाला उद्देशून नाही असं, म्हणाल्या, "पीळ असता तर संध्याकाळचे तास महागात पडले असते."

मामा कंदील धरून शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. आणि तेव्हाच बोलायचं होतं मला. "यांना मीच गप्प केलं होतं," एवढं एक वाक्य. ते मी बोलले नाही. रात्रभर बोलले नाही.

पहाटे चार वीसला चांदणीनं शेपूट उचललं आणि चार गोळे टाकले. लीद बघून माणसं हसतात, रडतात, हे घोडा न पाळणाऱ्याला सांगून पटत नाही. मामांनी एक गोळा उचलून बोटांत फोडला आणि "ओलंय," एवढंच म्हणाले.

सकाळी ते पाणपात्र दाबून बघितलं. पाणी येत होतं, पण करंगळीएवढ्या धारेनं. कधीपासून, ते कळायला मार्ग नव्हता. बादली असती तर कळलं असतं. डॉक्टरांनी मात्र एका कारणावर बोट ठेवायला नकार दिला. पाणी कमी गेलं असेल, गवताचा नवा गठ्ठा जास्त कोरडा होता, पावसामुळे तीन दिवस ती मोकळी सुटली नव्हती. मी तिन्ही कारणं धरून ठेवली आहेत, आणि लाजेनं सांगते, दिवस बघून निवडते. स्वतःवर चिडलेली असले की पाणपात्र. नसले की गवत.

पंधरवड्यानं पागेच्या मालकीणबाईंनी सगळ्यांना एक कागद दिला. यापुढे शंका आली की मोतद्दार आधी डॉक्टरांना फोन करेल, मग मालकाला. मला विचारल्याशिवाय? खर्च माझा, घोडी माझी, आणि मला नंतर कळणार? मी तिथेच आवाज चढवला. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग तुम्हाला कधी कळवायचं, ते तुम्हीच लिहून द्या." मी लिहायला बसले. "काहीही झालं तर" लिहिलं, खोडलं. "गंभीर असेल तर" लिहिलं, तेही खोडलं. गंभीर आहे की नाही हे ठरवणार कोण, हाच तर सगळा घोळ होता.

कागदाच्या मागच्या बाजूला आणखी दोन रकाने होते. पोटशूळ शस्त्रक्रियेपर्यंत गेला तर ती करायची का, हो किंवा नाही. आणि मालकाशी संपर्क झालाच नाही, डॉक्टरांच्या मते घोडा वाचणार नसेल, तर त्याला वेदनेतून सोडवायची परवानगी आहे का, हो किंवा नाही. खाली सही.

मी कागद घरी नेला. दोन महिने नेलेलाच होता. मालकीणबाईंनी तीनदा आठवण केली, आणि तिसऱ्यांदा आठवण केली त्याच आठवड्यात मी दुसरीकडे ठाण बघितलं. निघताना मामांनी चांदणीचा तोबरा धुऊन, घडी करून दिला. मी "येते" म्हणाले. फोन उशिरा केलात, असं मी त्यांना कधी म्हटलं नाही. ते मी बाकी सगळ्यांना सांगितलं.

म्हणजे बघा, पागेकडून मला हवं होतं ते तिथे होतं. माझ्या घोडीनं दोन घास सोडले हे ज्याच्या लक्षात येईल असा माणूस. तरीही मी म्हणेन की साडेतीन तास जास्तच झाले. माणूस रागावेल म्हणून घोड्याबद्दल गप्प राहायचं नसतं, कितीही रागीट मालक असो. हे मी अजून म्हणते. मग लगेच वाटतं, ज्याचं पोट त्या ठाणावर आहे त्यानं मालकाचा राग मोजायचा नाही, हे म्हणायला मला काय जातंय.

आताच्या पागेत कॅमेरा आहे. प्रत्येक ठाणाचं चित्र फोनवर दिसतं. मोतद्दार वर्षात तीन बदलले, चौथ्याचं नाव मला परवा कळलं. घोडे उभ्या उभ्या डुलक्या घेतात, पण गाढ झोपेसाठी त्यांना थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं. चांदणी रात्री दोनच्या सुमाराला होते. मी फोनमध्ये ती करडी आकृती बघत बसते, आणि ती झोपलीय की लोळायच्या बेतात आहे हे मला चित्रावरून सांगता येत नाही.

एकदा मी न राहवून मामांना फोन केला. रात्री दोन वाजता, दुसऱ्याच्या पागेतल्या घोडीसाठी. त्यांनी दुसऱ्याच घंटेला उचलला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कुशीकडे वळून बघतीय का?" नाही. "मग निजू द्या. सकाळी लीद बघा." आणि जरा थांबून, "तिथं रात्री कोण असतं, ताई?"

नव्या पागेनंही तसाच कागद दिलाय. रकाने तेच दोन. खोगिराच्या पेटीत आहे, खालच्या कप्प्यात. पुढची बाजू मी भरली आहे.