तालात फक्त ओरखडा होता

उत्तर लंडनमधल्या एका छोट्या स्टुडिओत मी जुन्या रेकॉर्डी आणि टेप्स डिजिटल करून देतो. बहुतेक काम घरगुती असतं: लग्नं, आजोबांची भाषणं. मध्यंतरी एक वयस्कर गृहस्थ ‘द टॉपोग्राफी ऑफ द लंग्ज’ ही रेकॉर्ड घेऊन आले: मुक्त उत्स्फूर्त वादन, ठरलेली चाल नाही की ठेका नाही. इंकस या लेबलची, म्हणजे रेकॉर्ड कंपनीची, ही पहिलीच एलपी, जुलै 1970 मध्ये लंडनला ध्वनिमुद्रित झालेली. सॅक्सोफोन इव्हान पार्करचा, गिटार डेरेक बेलीची आणि तालवाद्यांवर डच वादक हान बेनिंक. पार्कर आणि बेली यांनी ड्रमर टोनी ऑक्सलीबरोबर हे लेबल स्वतःच काढलं होतं. सीडीवर ही रेकॉर्ड यायला 2006 उजाडलं, तेही पार्करच्या दुसऱ्या लेबलवर. तोवर बेली गेला होता.

गृहस्थ म्हणाले, “तो टकटक आवाज तेवढा काढून द्या.”

रेकॉर्ड धुतली, 96 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे 96,000 नमुने टिपत, उतरवून घेतली आणि टकटक काढणारं सॉफ्टवेअर लावलं. त्यात एक सोय असते: काढून टाकलेला भाग तेवढाच ऐकता येतो. लावून पाहिला, तर त्यात चक्क बेनिंक वाजत होता! लाकडावरच्या कोरड्या काड्या, मधूनच बेलीच्या तारेवरचा नखीचा चटका. सॉफ्टवेअरचा तरी काय दोष? क्षणात उसळून क्षणात विरणारं जे सापडेल ते त्याच्या लेखी खराबी. कोणती टकटक रेकॉर्डवरच्या ओरखड्याची आणि कोणती वादकांची, हे माझ्या कानालाही धड सांगता येईना. ख्यालातली तान कितीही भटकली तरी समेवर येते, म्हणून चुकलेलं कळतं. इथे मुळात समच नाही.

मग गणिताकडे वळलो. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 1.8 सेकंद. आडवा ओरखडा सुईला प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी भेटतो. 96 किलोहर्ट्झवर हे अंतर 1,72,800 नमुन्यांचं, त्यात टर्नटेबलची थोडी मागेपुढे चाल धरायची. पडद्यावर तशा खुणा केल्या आणि टकटकी एकामागून एक त्यांवर येऊन बसल्या. त्या तिघांनी जो ठेका कटाक्षाने टाळला, तो ओरखडा इमानेइतबारे धरून होता. मला मोठ्याने हसू आलं. शेजारच्या खोलीतला सहकारी डोकावून गेला.

पुढचं काम हाताने. लहरी मोठ्या करून बघायचं: ओरखड्याचा नुसता सुळका, काडीच्या आघातामागे मात्र बारीकशी शेपटी. काही ठिकाणी सुळका नेमका बेनिंकच्या आघातावरच पडलेला. तिथे हात लावला नाही. दिवस त्यातच गेला आणि बिल नेहमीच्याच दराने लागलं.

गृहस्थांना दोन्ही फाइली दिल्या, साफ केलेली आणि मूळ. दोन्ही ऐकून ते म्हणाले, “खरं सांगू? इतकी वर्षं तो टकटक मी बेनिंकचाच समजत होतो. मूळचीच द्या.”