गावच्या गेलेल्या माणसांची स्मरणिका आणि एका तारखेसाठी झालेली दमछाक

गावासाठी खपलेली जी माणसं आता नाहीत त्यांची छोटी स्मरणिका काढायचं वाचनालयात ठरलं. शाळेला जागा देणारे, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांची हजेरी चोख ठेवणारे, आणि आज ऐंशीत असलेल्या निम्म्या गावाला जगात आणणाऱ्या सुईणआजी. आठवणी, फोटो, छपाईचे पैसे सगळं जमलं.

अडलं आजी गेल्याच्या तारखेवर. इतकी जुनी नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या सरकारी वहीत, आणि ती बुकं तालुक्याच्या एका ऑफिसात. तिथे पहिला प्रश्न, तुम्ही वारस का? नाही म्हटलं की विषय संपला. मग साहेब मीटिंगला, मग रेकॉर्ड रूमची चावीवाले रजेवर, मग लेखी द्या, आणि लेखी दिलं तर पोच द्यायला कोणी तयार नाही. अजून आठवलं की डोकं फिरतं, आम्ही काय कुणाची जमीन मागत होतो का, एका बाईची गेल्याची तारीख तर हवी होती!

शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला आणि नकला न मागता आधी बुकं बघायलाच मागितली, कायद्याने तो हक्क आहे. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो हे लक्षात ठेवा. मग कुठे कपाट उघडलं. पानं जुन्या मोडी लिपीत, म्हणून मोडी वाचणारे एक रिटायर्ड गुरुजी सोबत नेले होते, ते बोट ठेवून ओळ न् ओळ वाचत गेले. नोंद सापडली, पण आजींचं नावच नाही, नुसतं नवऱ्याचं नाव आणि पुढे ‘याची बायको’. म्हणून बायकांची नोंद शोधताना नवऱ्याचं, सासऱ्याचं नाव आधी विचारून ठेवा. स्मरणिकेत मात्र आम्ही त्यांचं नाव सगळ्यात मोठ्या टायपात घेतलंय आणि मला त्याचा फार अभिमान आहे.

अलीकडच्या नोंदी ग्रामपंचायतीत असतात. तिथे वारस विचारलं तर 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम 17 दाखवा, फी भरून कोणालाही नोंद शोधून घेता येते, फक्त मृत्यूचं कारण देत नाहीत.

आणि हो, ऑफिसात जायच्या आधी घरच्यांना वर्षश्राद्धाची तिथी विचारा, तारीख विसरतात पण तिथी पाठ असते. साल माहीत असेल तर जुन्या पंचांगावरून तारीख निघते, कालनिर्णय 1973 पासूनचं आहे, कुणाच्या तरी माळ्यावर मिळतंच.