किटलीचं झाकण

भोगावतीच्या काठावरच्या आमच्या गावात मी १७ वर्षं दूध संस्थेचा सचिव आहे. फॅट मशीन सांगतं, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) मशीन सांगतं, पण दूध आंबायला लागलंय का, हे नाकच सांगतं. सभासदाच्या किटलीचं झाकण उघडायचं आणि पहिल्या वाफेला नाक खाली न्यायचं. संशय आला तर थोडं दूध टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन उकळून बघायचं. गुठळ्या धरल्या की दूध परत. पण आधी संशय यायला पाहिजे ना!

दोन वर्षांमागे मे महिन्यात शीतकरण केंद्रावरून आमचे ४० लिटरचे तीन कॅन परत आले. कुणाचीतरी आंबूस किटली मी पास केली होती आणि ती सगळ्यांच्या दुधात गेली. त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं, की मला वास येत नाही. कधीपासून, ते आठवेना. बायको म्हणाली, "दोन वर्षं झाली असतील. परवा दूध करपून घर धुरानं भरलं तरी तुम्ही पेपर वाचत बसला होता."

सर्दी तर बारमाहीच होती. सकाळी १५-२० शिंका, गालाच्या हाडात ठणका, घशात मागून उतरणारा चिकट शेंबूड. वाफ, ओव्याची पुरचुंडी, कपाळाला सुंठीचा लेप सगळं झालं. गावात याला "सायनस झालाय" म्हणतात. सायनस म्हणजे कवटीतल्या हवेच्या पोकळ्या, चार जोड्या, त्या सगळ्यांनाच असतात, हे मला ४८व्या वर्षी कळलं. आजार म्हणजे त्यांची सूज. ती १२ आठवड्यांच्या वर टिकली की जुनाट म्हणायची. माझी १२ वर्षं झाली होती.

कोल्हापुरातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर मॅडमनी सीटी स्कॅन काचेवर लावला. "काळं दिसतं ती हवा," म्हणाल्या. माझ्यात काळं शोधावं लागत होतं. सगळं राखाडी. दोन्ही बाजूंना पॉलिप, म्हणजे सोललेल्या द्राक्षांसारखे फुगलेले मऊ गोळे. वास कळणारी जागा नाकाच्या छतापाशी असते आणि तिथवर हवाच पोचत नव्हती. "आणि हाड वाढलंय ना?" मी विचारलं. "वाढलेलं नाही, मधला पडदा वाकडा आहे. तोही सरळ करू."

ऑपरेशनला मी घाबरत होतो, कारण आमच्या मामांचं झालेलं. वरचा ओठ उचलून हिरडीवर काप, आतून गालाच्या हाडाला भोक. महिनाभर सुजलेला चेहरा, आणि सर्दी होती तिथंच. मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी पेन काढलं. गालातल्या पोकळीचं नैसर्गिक तोंड वरच्या अंगाला असतं. आतले सूक्ष्म केस शेंबूड खालून वर, त्या तोंडाकडेच ढकलत नेतात. खाली कितीही मोठी खिडकी पाडा, शेंबूड तिच्या शेजारून वर जातो. ऑस्ट्रियात ग्राझ शहरातल्या मेसरक्लिंगर नावाच्या डॉक्टरांनी हे दुर्बिणीतून पाहिलं, आणि तिथूनच आताचं ऑपरेशन आलं. नाकपुडीतूनच दुर्बीण घालून मूळचं तोंड मोकळं करायचं. बाहेर टाका नाही. मला पटलं. पाटाचं पाणी ज्या अंगाला वाहतं तिथलीच मोरी साफ केली पाहिजे, दुसरीकडं बांध फोडून काय होणार?

सहीच्या कागदावर मात्र डोळा आणि मेंदू असे दोन शब्द होते. डोळ्याच्या खोबणीकडचं हाड कागदाइतकं पातळ असतं, म्हणून. सही केली. हात थोडा हलला.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही. डिसेंबर होता, भूल दिली, जागा झालो तर नाकात दोन्हीकडं बोळे आणि तोंडानं श्वास. ती रात्र वाईट. डोकं उंच ठेवून बसल्या बसल्या पेंगायचं, ओठ कोरडे फट्ट, घोट गिळला की कानात दडे. दुसऱ्या दिवशी मॅडमनी बोळे ओढले. बोटभर असतील असं वाटलं होतं, पण काढताना मानेपासून काहीतरी उपटून येतंय असं झालं. मग डाव्या नाकपुडीतून गार हवा आत गेली, पार मागं टाळूपर्यंत. मी दोनदा तीनदा नुसता श्वास घेतला.

नंतरचे नियम: नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, धूर आणि धूळ टाळायची. हे शेवटचं आमच्याकडं डिसेंबरात कसं जमायचं? ऊसतोड चालू, रोज कुणाच्या ना कुणाच्या रानात पाचट पेटलेलं. मी मास्क लावून घरात कोंडलेला. नवव्या दिवशी मात्र राहवलं नाही, संस्थेत गेलो आणि सवयीनं कॅनला हात घातला. भरलेला कॅन. दहा मिनिटांत शर्ट लाल. फोनवर मॅडम शांतपणे म्हणाल्या, बसा, पुढं झुका, नाकाचा मऊ भाग दाबून धरा, तोंडानं श्वास घ्या, १५ मिनिटांत थांबलं नाही तर निघून या. थांबलं. बायको तीन दिवस बोलली नाही, ते थांबायला जास्त वेळ लागला.

खरं काम नाक धुण्याचं. दिवसातून तीनदा, २४० मिलीच्या बाटलीत पुडीतलं मीठ आणि उकळून कोमट केलेलं पाणी. नळाचं थेट अजिबात नाही. केरळात पाण्यातून नाकावाटे मेंदूत शिरणाऱ्या अमीबाच्या बातम्या आल्यापासून मॅडम याबाबत फार कडक आहेत. बेसिनवर मान जराशी झुकवायची, एका नाकपुडीतून पाणी सोडायचं, दुसरीतून बाहेर. पहिले आठ दिवस तांबूस पाणी, मग तपकिरी खपल्या. दर आठवड्याला मॅडम नळी घालून उरलेल्या ओढून काढायच्या, डोळ्यांतून पाणी यायचं. लोक म्हणतात "सायनसचं ऑपरेशन करू नका, परत होतं". पॉलिप परत येऊ शकतात, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं, म्हणूनच नाकातला औषधाचा स्प्रे आणि धुणं चालू ठेवायचं. संस्थेत कॅन एक वेळ नीट धुतला नाही तर सकाळचं दूध नासतं, तेव्हा कॅनला कुणी शिव्या देत नाही.

वास एकदम आला नाही. पहिल्यांदा, पाचव्या आठवड्यात, सोड्यानं किटल्या धुताना काहीतरी टोचलं. मग फिनेल. मग शेण. चहा अजून नुसता गरम आणि गोड. गुऱ्हाळावर चुलवाणाशेजारी उभा राहिलो तर काकवीच्या वासाच्या जागी जळका रबर. वाकडातिकडा येतो आधी, थांबा, असं मॅडम म्हणाल्या. तांबडा रस्सा फेब्रुवारीत परत आला, खोबऱ्यासकट. करपलेली भाकरी मात्र अजूनही कळत नाही.

तोवर किटल्या हुंगायचं काम संस्थेतल्या पोराकडं होतं. मार्चच्या एका संध्याकाळी गर्दीत त्याच्या आधी मी एक झाकण उघडलं, आणि मान आपोआप मागं गेली. पोरगं माझ्याकडं बघून हसलं. "दादा, आला की!" ट्यूब उकळली, गुठळ्या झाल्या. किटली कुणाची होती ते लिहीत नाही, आमच्या भावकीतलीच होती आणि अजून बोलणं बंद आहे.