गॅदरिंगनंतरचं पोतं

नागपुरात डिसेंबर लागला की हिवाळी अधिवेशनासाठी सीताबर्डीकडचे रस्ते अडवले जातात आणि शाळाशाळांतून गॅदरिंगची धामधूम सुरू होते. आमच्या शाळेत नाच, नाटक, बक्षीस समारंभ यांच्या जोडीला एक अख्खा दिवस रोबोंचा असायचा. मी भौतिकशास्त्र शिकवायचे, म्हणून तो दिवस माझ्याकडे आणि साहित्याच्या खोलीची किल्लीही माझ्याकडे. नाचगाण्याचे फोटो सगळ्यांकडे आहेत. मला मात्र त्या खोलीतलं साहित्य आठवतं: चेंडू, ठोकळे, चकत्या, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांच्या उरल्यासुरल्या तुकड्यांनी भरलेलं पोतं.

सकाळी सातलाच मुलं यायची. नागपूरची डिसेंबरातली थंडी, अंगात स्वेटर, हातात बॅटरीचा डबा. फाटकापाशी तर्री पोह्यांची गाडी लागलेली असायची आणि पालक तिथेच रेंगाळायचे. सभागृहात सतरंज्या गुंडाळून फोमच्या चटया जोडल्या की मैदान तयार. त्यावर पांढऱ्या फितीच्या रेघा, दोन्ही टोकांना रोबोंनी वस्तू नेऊन टाकायचे प्लायचे गोल, फुटबॉलला असतात तसे. दुसऱ्या शाळांचे संघही यायचे. एकेक सामना दोन मिनिटांचा, पण त्या दोन मिनिटांसाठी पोट्ट्यांनी दिवाळीची सुट्टी घातलेली असायची.

सुरुवातीची वर्षं थर्माकोलच्या ठोकळ्यांची. 2016 नंतर अटल टिंकरिंग लॅबचं, म्हणजे मुलांनी स्वतः यंत्रं बनवून पाहावीत म्हणून केंद्र सरकारने काढलेल्या शालेय प्रयोगशाळांचं, वारं शाळांमधून वाहू लागलं, मुलांच्या हातात मोटर आणि सेन्सर आले, पण उचलायला काय द्यायचं हे कुणी सांगत नव्हतं. थर्माकोल हलकं, स्वस्त, हवं तसं कापता येणारं. रोबोच्या पंजाने दोनदा उचललं की त्यावर खड्डे पडायचे, चौथ्या सामन्यापर्यंत कोपरे गायब. पांढरे मणी मुलांच्या स्वेटरना, केसांना, चाकांच्या आसांना चिकटायचे आणि झाडूने ढकलले तरी जागचे हलायचे नाहीत. संध्याकाळी मामा, म्हणजे आमचे प्रयोगशाळेतले परिचर, ओलं फडकं घेऊन एकेक मणी टिपत बसायचे. 2018 च्या मार्चमध्ये राज्यात प्लास्टिक-थर्माकोल बंदी आली. ती मुख्यतः ताटल्या-वाट्या आणि सजावटीच्या थर्माकोलवर होती, पण शाळेने त्या निमित्ताने थर्माकोल पूर्णच बंद केलं. मला त्याचा मनापासून आनंद झाला.

मग लाकूड. लकडगंजातून आम्ही उरलेले तुकडे आणले, सुताराकडून सारख्या मापाचे ठोकळे करून घेतले. पहिल्याच सरावात पंजा हलवणाऱ्या लहान सर्व्हो मोटरी कण्हायला लागल्या, कारण भरीव लाकडाचं वजन त्यांना पेलवेना. तेव्हा पातळ प्लायच्या पोकळ पेट्या केल्या. त्या खाली पडायच्या, कोपरे चेपायचे, रंग उडायचा. पण सामन्यांच्या मधल्या वेळेत सँडपेपर मारायचा, फेव्हिकॉलचा एक थेंब, वर रंगाचा हात, आणि पेटी पुन्हा मैदानात. त्यातल्या काही पेट्या अजून वापरात आहेत.

खरी नासाडी आणली ती चेंडूंनी.

अमेरिकेत 1992 पासून शाळकरी मुलांच्या संघांची फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धा चालते. तिथे दर वर्षी नवा खेळ असतो आणि खेळासोबत साहित्यही नवं. 2016 ला दहा इंची राखाडी फोमचे चेंडू होते, 2018 ला नायलॉनचं पिवळं कापड चढवलेले दुधाचे क्रेट, 2020 ला सात इंची पिवळे फोमचे चेंडू, 2024 ला चौदा इंची नारिंगी फोमच्या रिंगा, तर 2025 ला पीव्हीसी पाइपचे तुकडे. आमची मुलं या स्पर्धेचे व्हिडिओ पाहायची. फिरत्या चाकाने चेंडू सुटतो आणि दूरच्या गोलात जाऊन पडतो, हे एकदा पाहिल्यावर कोण ठोकळे उचलत बसणार? 2018 च्या डिसेंबरात आम्ही सीताबर्डीच्या खेळाच्या दुकानातून हातात मावतील एवढे फोमचे चेंडू आणले.

चेंडू फेकणारं यंत्र दिसायला सोपं. एक चाक जोरात फिरत असतं, त्याच्यापासून ठरावीक अंतरावर एक वाकवलेली पट्टी. चेंडू दोघांच्या मध्ये सारला की दाबला जातो, चाक त्याला ओढून पलीकडे फेकतं. पण त्या क्षणी चेंडू थांबलेला असतो आणि चाकाची कड सुसाट धावत असते. दोघांचा वेग जुळेपर्यंत चाक चेंडूवर घासत राहतं आणि फोमची साल निघते. एक सामना संपला की यंत्राखालच्या चटईवर झुणक्याचा चुरा सांडावा तसा पिवळा भुगा पडलेला असायचा. त्याहून वाईट म्हणजे अडकलेला चेंडू. तो पट्टीखाली रुततो, पोरगं घाबरून बटण सोडत नाही, चाक एकाच जागी फिरत राहतं आणि दोन सेकंदांत चेंडूला अंगठा जाईल एवढं भोक पडतं.

भुगा चाकाच्या रबरावर बसला की पकड जाते. चेंडू झिजला की तो कमी दाबला जातो, कमी वेगाने सुटतो आणि गोलाच्या अलीकडे पडतो. मुलांना वाटायचं प्रोग्रॅम बिघडला. "मॅडम, काल पडत होता ना बरोबर!" म्हणत ती रात्रभर आकडे बदलत बसायची आणि दुसऱ्या दिवशी नवा चेंडू मिळाला की तो गोलाच्या वरून जायचा. एका संघाला नवे आणि दुसऱ्याला झिजलेले चेंडू गेले, तर तो सामना न्यायाचा कसा म्हणायचा? मोठ्या स्पर्धांमध्येही हा प्रश्न असतो, पण तिथे बदलायला चेंडूंचा साठा असतो. आमच्याकडे जे होतं त्यातच भागवायचं होतं.

त्यावर उपाय काढला तो नववीतल्या एका मुलाने. प्लायच्या फळीला त्याने नव्या चेंडूपेक्षा किंचित लहान गोल भोक पाडलं. चेंडू भोकावर ठेवायचा. अडून बसला तर सामन्याचा, आपोआप खाली पडला तर सरावाचा. भोकाच्या कडेला त्याने कानस मारली होती, चेंडू खरवडला जाऊ नये म्हणून. प्रत्येक सामन्याआधी दोन्ही संघांचा एकेक जण फळीपाशी यायचा आणि पंचांसमोर चेंडू निवडले जायचे. तेव्हापासून चेंडूवरून भांडण झाल्याचं मला आठवत नाही.

मी नियमांचं एक वाक्य दर वर्षी सभागृहात मोठ्याने वाचायचे. ते फर्स्टच्या नियमपुस्तकातून घेतलेलं होतं, आमच्या भाषेत: साहित्यावर ओरखडे, डाग पडतील ते चालतील, खड्डे पाडणं, तुकडे काढणं चालणार नाही. हे कळलं की मुलं आपल्याच रोबोकडे वेगळ्या नजरेने पाहायची. एक दहावीतली मुलगी आठवते. तिच्या संघाचा रोबो चेंडू फाडतो अशी तक्रार आली, तशी ती काही न बोलता जमिनीवर पालथी झोपली आणि टॉर्च लावून आतून रोबो पाहू लागली. मग एकेक बोट फिरवून तिने जागा दाखवल्या. अॅल्युमिनियमच्या पट्टीचा कापलेला कोपरा. नटाबाहेर आलेलं स्क्रूचं टोक. तिरपा कापलेला झिप टाय, म्हणजे वायरी बांधायची प्लास्टिकची पट्टी, जिचं टोक ब्लेडइतकं धारदार असतं. तिने कोपरा कानसेने गोल केला, स्क्रू उलटा बसवला, झिप टाय मुळापासून कापून त्यावर टेप गुंडाळला. पुढच्या सामन्यात चेंडू शाबूत बाहेर आले. त्या दिवशी तिचा संघ हरला, पण ती माझ्याकडे येऊन चेंडू दाखवून गेली, "बघा मॅडम, एक पण खरचटला नाही."

माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे की खरी झीज सामन्यांच्या दिवशी होत नाही. ती त्याआधीच्या आठवड्यांत, शाळा सुटल्यावरच्या सरावात होते. सामने थोडे, सराव शेकडो वेळा. म्हणून आयोजकांनी साहित्य निवडताना आधी हे पाहावं की मुलांना ते गावात मिळतं का, परवडतं का, आणि फाटलं तर घरी शिवता-चिकटवता येतं का. बाहेरून मागवलेली देखणी वस्तू ज्या संघाला परवडते तोच नीट सराव करतो. खेड्यातली जिल्हा परिषदेची शाळा दोन चेंडूंवर सराव करते आणि ते दोन्ही फाटल्यावर थांबते. मला हे फार लागायचं.

2020 आणि 2021 ला गॅदरिंग झालंच नाही. पत्र्याच्या छताखालच्या त्या खोलीत उरलेले चेंडू पडून राहिले. नागपूरचे दोन उन्हाळे, मे महिन्यात पंचेचाळिशीला टेकणारा पारा, नंतर पावसाळ्याची ओल. खोली उघडली तेव्हा खिडकीजवळचे चेंडू तपकिरी झाले होते. पॉलियुरेथेन फोम ऊन, उष्णता आणि ओल यांनी आतून तुटतो. एक चेंडू मी उचलला आणि तो बोटांमध्येच मोडला. न वापरता गेलेल्या त्या चेंडूंचं मला वाईट वाटलं, फाटलेल्यांपेक्षा जास्त. त्यानंतर जे काही फोमचं उरलं ते आम्ही तळमजल्यावरच्या अंधाऱ्या कपाटात, कापडी पिशवीत ठेवू लागलो.

2022 ला एबीयू रोबोकॉन ही आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांच्या संघांची रोबो स्पर्धा नवी दिल्लीत भरली आणि यजमान म्हणून भारताने खेळ दिला लगोरीचा. एका रोबोने चेंडू मारून रास पाडायची, दुसऱ्याने ती पुन्हा रचायची. याआधी 2008 ला पुण्यात ही स्पर्धा झाली तेव्हा विषय गोविंदाचा होता, दहीहंडीचा. अंगणातले खेळ इंजिनीअरिंगच्या मैदानात जाताना पाहून मला फार बरं वाटतं. आमच्या वेळी लगोरी फुटक्या कवेलूंच्या तुकड्यांची असायची आणि चेंडू चिंध्यांचा. बारावीच्या वर्गात हे बोलता बोलता मुलंच म्हणाली, "मग या वर्षी तेच करू ना!"

त्या वर्षीचं गॅदरिंग मला सगळ्यात प्रिय आहे. लकडगंजातून पुन्हा प्लाय आलं, लहान-मोठ्या चकत्या कापल्या गेल्या. चेंडूंसाठी मुलांनी घरून जुने मोजे आणि साड्यांच्या चिंध्या आणल्या. कुणाची आई, कुणाची आजी शिवायला बसली. चेंडू स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलायचे, कमी भरला तर उसवून आणखी चिंधी भरायची. पण कापडाच्या चेंडूचा एक दोरा जरी सुटला तरी तो फिरत्या चाकाच्या आसाला गुंडाळला जाऊन मोटर बंद पडते, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. मग शिवण घट्ट हवी, गाठ आतल्या बाजूला हवी, असा नियम झाला. आणि बऱ्याच संघांनी चाकच सोडून दिलं. त्यांनी रबराच्या ताणावर उसळणारा हात बनवला, गोफणीने फेकतात तसा. तो चेंडूला घासतच नाही. एका आजींनी सामना पाहता पाहता उसवलेला चेंडू मागून घेतला आणि पिशवीतून सुई काढून तिथल्या तिथे टाके घातले. पंचांनी शिट्टी थांबवली होती, कुणाचीच हरकत नव्हती.

राहता राहिलं पोतं. भंगारवाला पाइप घ्यायचा, अॅल्युमिनियम घ्यायचा, पुठ्ठा घ्यायचा. फोमकडे पाहून मात्र मान हलवायचा. चेंडूंचा पॉलियुरेथेन फोम वितळवून पुन्हा ओतता येत नाही. त्याचा चुरा करून, चिकटवून, दाबून गाद्यांसाठी रीबॉन्डेड फोम बनतो, पण त्यासाठी माल भरपूर लागतो. शाळेचं एक पोतं त्या हिशोबात कुठे बसणार? म्हणून मामांनी आणि शिवणाच्या बाईंनी त्याचे लोड केले, बालवाडीच्या पोरांसाठी. फाटक्या चेंडूंचे मोठे तुकडे गोलाच्या मागच्या भिंतीला लावले, म्हणजे नवे चेंडू आपटून खराब होऊ नयेत. त्या भिंतीला मुलं आपापल्या संघाचा तुकडा शोधायची.

मी आता निवृत्त झाले. खोलीची किल्ली दुसऱ्या मॅडमकडे आहे आणि गॅदरिंगला बोलावलं की मी जाते. गेल्या पावसाळ्यात तो फळीवाला मुलगा, आता इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याचा फोन आला. कॉलेजच्या संघात साहित्याचं काम त्याच्याकडे आलंय, ज्युनिअर पोरं रोज एक चेंडू फाडतात म्हणाला. फळीचं माप हवं होतं. फळी शाळेत अजून आहे, मी जाऊन पट्टी लावून फोटो पाठवला आणि खाली लिहिलं: माप नव्या चेंडूवरून घे, दुकानाच्या लेबलवरून नको, आणि झिप टाय आधी तपास.