बटणावरचं बोट

रात्रीचा दीड वाजलाय. दादाचा एक्सबॉक्स, तो जुना, पहिला गेम कन्सोल, टेबलावर उघडा पडलाय आणि मी पुन्हा पुन्हा तेच करतेय. पॉवर दाबलं की चालू होतो, लगेच बंद. परत चालू, परत बंद. तिसऱ्यांदा चालू राहतो खरा, पण बटणाभोवतीचं कडं लाल-हिरवं लुकलुकायला लागतं. स्क्रीन काळीच.

ह्याचा अर्थ मला पाठ आहे. मदरबोर्डवरचा छोटा कंट्रोलर प्रोसेसरकडून उत्तर मागतो. ते वेळेत आलं नाही की रीसेट मारतो, आणि तिसऱ्यांदाही आलं नाही की दिवा लुकलुकवत बसतो. उत्तर मिळायचं तर बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा पहिला प्रोग्राम, शाबूत हवं. ते ज्या टीसॉप नावाच्या मेमरी चिपमध्ये असतं तिथे आता अर्धवट काहीतरी लिहिलेलं आहे.

फ्लॅश, म्हणजे चिपवर बायोस नव्याने लिहायचा प्रयत्न, फसला ह्याचं दुःख आहेच, पण झोप त्याने उडालेली नाही. कारण तर संध्याकाळीच सापडलं. ह्या १.१ आवृत्तीच्या बोर्डवर चिपला लिहायची परवानगी द्यायला सोल्डरचे दोन थेंब लागतात, एक वरच्या बाजूला, एक खालच्या. खालचा ड्राय, म्हणजे नीट न चिकटलेला, राहिला होता. मल्टिमीटर लावला तर दाबलं की बीप, सोडलं की गप्प. लिहिता लिहिता मध्येच तो सुटला असणार. हे कुणाकडूनही होतं.

पण त्यानंतरचं? पडताळणी जुळत नाही असा संदेश आला तेव्हा मशीन चालू होतं. फ्लॅशचा प्रोग्राम रॅममध्ये होता, त्याला चिपची गरजच नव्हती. चिप पूर्ण कोरी असती तरी तो चालत राहिला असता. जोड दाबून धरून तीच फाइल परत लिहिता आली असती, हवी तितक्या वेळा. करायचं नव्हतं ते एकच, बंद. हे मला माहीत होतं. मीच दादाला सांगितलं होतं, काही झालं तरी बंद करायचं नाही म्हणून. आणि संदेश वाचून पुरता व्हायच्या आत माझं बोट बटणावर होतं.

का गेलं ते बोट? दोन दिवस हेच चाललंय डोक्यात. घाबरले म्हणावं तर हात थरथरत नव्हता. दादा म्हणाला होता, 'तूच कर, माझ्यापेक्षा तुझा हात स्थिर आहे.' त्यानंतर तो... जाऊ दे.

बहुतेक मला तो संदेश समोर नको होता. दुरुस्तीचा विचारसुद्धा आला नाही मनात. फक्त तो दिसू नये, एवढंच. काल दादाचा फोन वाजत होता तेव्हाही मी स्क्रीन पालथी घातली. तेच बोट.

मघाशी रडून घेतलं. सगळं माझ्याच वाट्याला का येतं, इथपर्यंत पोचले होते. मग लोखंडी डब्यातली हार्डडिस्क हातात घेतली आणि जरा शांत झाले. दादाचे सगळे सेव्ह, म्हणजे खेळांमधली त्याची प्रगती, हिच्यात आहेत. डिस्क लॉक आहे, पण किल्ली ईईप्रॉम नावाच्या वेगळ्या मेमरी चिपमध्ये असते, अवघ्या २५६ बाइटच्या. टीसॉपच्या गोंधळाचा तिला धक्का लागत नाही. शिवाय तिचा बॅकअप मी आधीच घेऊन ठेवलाय. निदान तेवढं नीट केलं मी.

रस्ता आहे. बोर्डवरच्या एलपीसी पोर्टच्या भोकांवर मॉडचिप, म्हणजे स्वतःचं बायोस असलेली जादा चिप, लावायची, बोर्डवरच्या डी-झीरो नावाच्या बिंदूची वायर ग्राउंडला जोडायची, म्हणजे मशीन टीसॉपकडे न बघता मॉडचिपमधून बूट होतं. एकदा चालू झालं की डी-झीरो सोडवायचं आणि टीसॉप नव्याने लिहायची. डी-झीरो लागलंय, पिनाही बऱ्याचशा. ग्राउंडच्या भोकात सोल्डर उतरत नाहीये, तिथला तांब्याचा मोठा थर सगळी उष्णता ओढून घेतो. सोल्डरिंग आयर्नला जाड टोक लावून बघायला हवं.

मघाशी दादाला मेसेज टाकला. बिघडलाय, फ्लॅश फसल्यावर मीच बंद केला, सेव्ह सुरक्षित आहेत. एवढंच. तो जागा होता. 'बरं' म्हणाला, आणि थोड्या वेळाने, 'खालचा जोड आधी पक्का कर.'

तो केला. आता दाबलं, सोडलं, बीप तुटत नाही.